हळदीत शिजवलेले चेंडू

फेब्रुवारी २००५, सोमवार. काम: टेनिस कोर्टावर वाळत घातलेल्या हळदीतून चेंडू वेचणे.

माझ्या त्या वर्षीच्या टाचणवहीत ही ओळ अशीच्या अशी आहे. खाली मुख्याध्यापकांची सही आहे. ते टाचण वाचत नसत, त्यामुळे मला कधी खुलासा द्यावा लागला नाही. तो आज देते.

चेंडू चोवीस होते. सकाळी नऊपर्यंत एकवीस सापडले. हळदीत चेंडू शोधायला काय अवघड, असं कुणाला वाटेल. पण चेंडूही पिवळे होते, बरोबर हळदीच्या रंगाचे आणि हळदीच्याच वासाचे. कोर्टाच्या पाऊण भागावर हळद पसरलेली, त्यात लांबट हळकुंडं कमी आणि मुठीएवढे गोल गड्डे जास्त. शेवटी मी खराटा बाजूला ठेवला आणि अनवाणी फिरत एकेक गोल वस्तू अंगठ्यानं दाबून बघू लागले. दबली तर शाळेचा चेंडू, नाही दबली तर दादांची हळद.

दादा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना दादाच म्हणायचं. आणि चेंडू हळदीत कसे आले, तर दादांनी ते हळदीबरोबर शिजवले होते.

दुपारी चारला, हे कोर्ट बांधून देणारे साहेब पुण्याहून येणार होते. त्यांच्यासमोर शाळेतल्या दोन मुलींनी जाळीवरून चेंडू न चुकता वीस वेळा इकडून तिकडे मारायचा, असं ठरलं होतं. वीस झाले तर कोर्ट बारा महिने पोरांचं. नाही झाले तर दुसऱ्या दिवसापासून ते गावाचं खळं. समितीत तसा ठराव झाला होता आणि मी त्यावर सही केली होती, कारण सही केली नसती तर खळं त्याच दिवशी झालं असतं.

मी हट्ट्याजवळच्या या गावात सून म्हणून आले आणि चौऱ्याण्णव साली इथल्याच शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. माझा स्वतःचा खेळ खो-खो. शाळेचं साहित्य म्हणजे एक लोखंडी गोळा, एक थाळी आणि रस्सीखेचीचा दोर, जो बहुतेक वेळा कुणाच्या तरी विहिरीवर असायचा. दोन हजार तीनला एक इंजिनिअर साहेब आले. मूळचे गावचेच, पुण्यात मोठे झालेले. वडिलांच्या आठवणीसाठी गावाला काहीतरी बांधून देतो म्हणाले. गावानं सभामंडप मागितला. साहेबांनी टेनिस कोर्ट दिलं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर हळद लावली, त्यांचा आणि टेनिसचा संबंध काय, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

शाळेच्या मागं सिमेंटचं कोर्ट झालं आणि गाव नाराज झालं. ही नाराजी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत टिकली. फेब्रुवारीत एका दुपारी दादा चपला काढून कोर्टावर उभे राहिले, तळवे भाजेपर्यंत उभे राहिले, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सूनबाई, असं खळं तीन तालुक्यांत न्हाई."

दादा मला तीन प्रकारे हाक मारायचे. काम असलं की सूनबाई, नसलं की बाई, आणि राग आला की मॅडम. त्यामुळे पुढचं वाक्य मला आधीच कळायचं.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हळद काढली की कढईत शिजवायची आणि मग दहा-बारा दिवस उन्हात वाळवायची. मातीवर टाकली तर माती धरते, ताडपत्रीवर टाकली तर खालून घामते. सिमेंटवर ती दोन्ही अंगांनी वाळते आणि झळझळीत रंग धरते. तसा रंग असला की वसमतच्या मोंढ्यात व्यापारी स्वतः उठून ढिगाशी येतो. आमच्या घरीही दोन एकर हळद होती. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मग पोरं त्या कोर्टावर नेमकं काय करत होती, हा प्रश्न निघाला. खरं सांगायचं तर पोरं चेंडू शोधत होती.

साहेबांनी आधी पाठवलेले चेंडू मोठ्या माणसांचे होते. कडक, पोपटी, नामांकित. आमची पाचवी-सहावीची पोरगी चार फुटांची. चेंडू तिच्यासमोर पडला की टणकन उसळून डोक्यावरून जायचा, आणि मागं ऊस होता. एक फटका, दहा मिनिटं ऊस, पुन्हा एक फटका. मूळची जाळी शेळ्यांनी शिंगात घेऊन फाडली होती, म्हणून मी सिद्धेश्वर धरणावरून मासेमारांचं एक जुनं जाळं आणून बांधलं होतं. त्यात चेंडू अडकला की पोरं "गावला, गावला!" म्हणून ओरडायची. सलग फटक्यांचा आमचा विक्रम तीनचा होता, आणि त्यातला एक म्हशीच्या पाठीवरून आलेला. दादांच्या नातीच्या नाकावर एकदा चेंडू बसला. तेव्हापासून ती चेंडू येताना दिसला की रॅकेट तोंडासमोर धरायची आणि डोळे मिटायची. तिचे जे काही फटके लागले ते असे लागले.

दिवाळीत साहेब गावी आले. त्यांनी अर्धा तास हा खेळ पाहिला, तोही बहुतेक उसात. महिन्याभरानं पुण्याहून एक खोकं आलं. आत चोवीस चेंडू, अर्धे तांबडे, अर्धे पिवळे, आणि दोन पानी पत्र. साहेबांनी लिहिलं होतं की लहान मुलांना मोठ्यांचा चेंडू देणं ही आपली चूक झाली. हे चेंडू मुद्दाम कमी उसळणारे आणि हळू येणारे आहेत, म्हणजे मुलाला चेंडूपर्यंत पोचायला वेळ मिळतो. मूल मोठं झालं की चेंडूही वेगाचा द्यावा. दुसऱ्या पानावर एका छोट्या कोर्टाचं चित्र होतं. हळू चेंडूला एवढीच जागा पुरते, असं खाली लिहिलेलं.

मी एक चेंडू फरशीवर टाकला. तो माझ्या गुडघ्याच्या थोडा वर आला आणि परत गेला. पहिल्यांदा मलाही वाटलं की माल खराब निघाला.

पण दोन आठवड्यांत उसातली शोधाशोध बंद झाली. तांड्यावरून चालत येणारी सहावीतली एक पोरगी होती. डावखुरी, अनवाणी, मोजकं बोलणारी. ती नव्या चेंडूकडं बराच वेळ बघून मला म्हणाली, "बाई, ह्यो चेंडू थांबतो."

"थांबत नाही गं. हळू येतो."

"तेच की. इचार करू देतो."

दादांच्या नातीनं डोळे उघडले. समोर आलेला चेंडू तिला नाकापर्यंत पोचायच्या आत दिसायला लागला आणि तिच्या लक्षात आलं की हा मारता येतो. दोघी मिळून सात झाले, नऊ झाले, एकदा अकरा झाले. त्यापुढं जाईनात, कारण कोर्ट मोठ्यांच्या मापाचं आणि पळून पळून दोघी दमायच्या. मला चित्रातलं छोटं कोर्ट आखायचं होतं.

गावाला मात्र हे चेंडू अपमान वाटले. साहेबानं पुण्याला चांगले ठेवले आन् आमाला मेलेले धाडले, असं बसथांब्यावर बोललं जाऊ लागलं. समितीची बैठक बसली.

"बाई," दादा म्हणाले, "उसळत न्हाई, त्याला चेंडू काहून म्हनायचं?"

"लेकराच्या उंचीइतका उसळतो, दादा."

"आमची लेकरं काय लुळी हायत व्हय? उद्या तुमी म्हनताल, लेकरू लहान हाय, त्याला अर्धी भाकर द्या."

"लहान लेकराला अर्धीच भाकर देतो की आपण."

 "ते येगळं," दादा म्हणाले. "ते पोटाचं हाय. आन् मॅडम, तुमी म्हनं कोर्ट बी लहान आखून राहिल्या. साहेबानं एवढं आवाढव्य बांधून देलं, आन् आपन कोपऱ्यात खेळायचं? साहेब बघंल तर काय म्हनंल?"

साहेबांनीच तसं लिहिलंय, हे मी पत्र दाखवून सांगितलं. दादा म्हणाले की साहेब मोठ्या मनाचा माणूस आहे, तो संकोचानं लिहितो, आपण समजून घ्यायचं असतं. मग कसोटी ठरली. दादांना सलग शंभर फटके हवे होते, मला दहा. वीसवर मिटलं. आमच्याकडे तडजोड इतकी एका बाजूला झुकत नाही, पण जेवणाची वेळ झाली होती. वीस फटक्यांसाठी तीन संधी, साहेबांसमोर, फेब्रुवारीत.

ठराव लिहिलेल्या कागदाच्या पाठीमागं एक यादी होती. खळं झालं तर कोणी कोणत्या क्रमानं हळद टाकायची, त्याची. पहिला नंबर अर्थात दादांचा. तिसऱ्या नंबरवर माझ्या नवऱ्याचं नाव.

घरी आल्यावर विचारलं, "तुम्ही नंबर लावला?"

"लावून ठेवला," नवरा म्हणाला. "तू जिंकलीस तर खोडून टाकू."

"आणि हरले तर?"

"तर तिसरा नंबर वाईट न्हाई."

मी भांडले नाही. तिसरा नंबर खरोखरच वाईट नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन दिवस मी हिंगोलीला प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तर खेळाच्या कपाटात चेंडूंचं खोकं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, दादांनी नेलं. कशाला, ते त्यांनी विचारलं नव्हतं. तेही त्यांच्या सहीसारखंच.

दादांच्या शेतात कढई चालू होती. खाली पाला पेटलेला, वर ओली गोणपाटं झाकलेली, सगळीकडं वाफ. दादा हातात लांब काठी घेऊन उभे.

"दादा, यात काय आहे?"

"हळद."

"आणि?"

"चेंडू."

"काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

दादांचा आवाज एकदम समजूतदार झाला. "सूनबाई, तुमी शेतकऱ्याच्या घरच्या. कच्चं हळकुंड फरशीवर टाकून बगा. उडतं? न्हाई. बसून राहतं. तेच शिजवून वाळवलं की कसं टन्नकन वाजतं, कसं उडतं? आता हे चेंडू बगा. मऊ हायत. वाजत न्हाईत. उडत न्हाईत. कच्चेच धाडलेत हो त्या लोकांनी. पुन्याला कोन शिजवंल?"

यातलं एकही वाक्य हळदीबद्दल चुकीचं नव्हतं. आणि हेतू वाईट म्हणावा तर तोही नव्हता. कोर्ट त्यांना हवं होतं, पण साहेबांसमोर गावाच्या पोरांच्या हातात मेलेला चेंडू असलेला त्यांना चालणार नव्हता. हरायचंच असलं तर चांगल्या चेंडूनं हरावं, असा त्यांचा विचार.

त्यांनी झाऱ्यानं एक चेंडू बाहेर काढला आणि त्याला गवताची काडी टोचून पाहिली. हळद शिजली का ते आम्ही असंच बघतो. काडी सहज आरपार गेली की शिजली. काडी मोडली.

"आजून टायम हाय," दादा म्हणाले आणि चेंडू परत कढईत टाकला.

काडी काही केल्या चेंडूत जाईना, म्हणून त्या दिवशीची हळदसुद्धा गरजेपेक्षा जास्त शिजली. मी आरडाओरडा केला नाही. शिजलेली वस्तू कच्ची करता येत नाही. मी फक्त एवढंच म्हणाले की आता हे नीट वाळवायला हवेत.

ही माझी चूक झाली. चेंडू वाळवायला सगळ्यात चांगली जागा कोणती, तर कोर्ट. आणि चोवीस चेंडूंनी एवढ्या मोठ्या कोर्टावरचं किती ऊन वापरलं जाणार? बाकीचं वाया जाणार. दादांना वाया गेलेलं सोसत नसे. संध्याकाळपर्यंत चेंडूंच्या सोबतीला त्यांची वीस पोती हळद कोर्टावर येऊन पडली.

"दादा, अजून निकाल लागलेला नाही."

"न्हाई लागला. आपल्या मनात काय न्हाई. चेंडू वाळले की उचलतो."

मग दोन दिवस आभाळ आलं. ओली हळद गोळा केली की आतून काळी पडते. सोमवार उजाडला तेव्हा ती अजून पुरती वाळली नव्हती. दादा कडेला उभे, चेहरा पडलेला. शब्दाला जागायचं तर वीस पोती काळी होणार. मी उचला म्हणायची ते वाट बघत होते. मी सकाळपासून हळदीत फिरून पाय पिवळे करून घेतले होते आणि हळद कशी आहे ते मला तळव्यांना कळत होतं. उचला असं माझ्या तोंडून निघेना.

मी म्हणाले, "राहू द्या. मला ती मोकळी पट्टी पुरेल."

कोर्टाच्या एका टोकाला, कुंपणाकडं, पाव भाग रिकामा होता. मी मासेमारांचं जाळं मधून सोडलं, शाळेशेजारच्या घरातून दोन बाजा मागून आणल्या, त्या एका अंगावर उभ्या करून त्यांच्यामध्ये जाळं बांधलं. दोराच्या मापानं साहेबांच्या चित्रातलं छोटं कोर्ट चुन्याच्या फक्कीनं आडवं आखलं.

"लहान आखलं?" दादा म्हणाले.

"हळद उचला, मोठं आखते."



चेंडू हातात घेऊन पाहिले. तांबडा रंग पार गेला होता, सगळे एकाच हळदी रंगाचे. वरची लव कढईत फुगून उन्हात वाळली होती आणि प्रत्येक चेंडू पिवळ्या कापसाच्या बोंडासारखा दिसत होता. उसळत होता पहिल्याइतकाच. एक मारून पाहिला, तर तो जाळ्यावरून गेला आणि वाटेत घरचं काहीतरी आठवल्यासारखा रेंगाळला. फुगलेल्या लवेला वारा अडत होता. दादांनी हळू चेंडू आणखी हळू करून ठेवला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

चारला साहेबांची गाडी आली. गाव आधीच जमलं होतं. साहेबांनी पिवळंधमक कोर्ट पाहिलं, काही विचारायला तोंड उघडलं आणि पुढं पाऊल टाकलं.

"बूट, बूट!" दादा ओरडले. "साहेब, लक्षुमी हाय ती."

हळदीत कुणी पायताण घालून जात नाही, दादांच्या हळदीत तर नाहीच. साहेबांनी स्वतः बांधून दिलेल्या कोर्टाच्या कडेला बूट काढले आणि मोज्यांवर उभे राहिले.

फटके मोजायला गावातले म्हातारे मापारी होते. त्यांचं आयुष्य मोंढ्यात माप घालण्यात गेलेलं. मापारी एकाला एक म्हणत नाही, बरकत म्हणतो. आणि दुसरं माप पडेपर्यंत पहिल्याचाच आकडा घोळवत राहतो, म्हणजे विसरत नाही.

पहिली संधी सहावर गेली, चेंडू जाळ्यात गुंतला. सवयीनं दोन-चार पोरं "गावला!" ओरडली, त्यांना मी गप्प केलं. दुसरी संधी तेरावर गेली. दादांच्या नातीला मापाऱ्यांच्या आवाजाचं हसू आलं. दादा नातीवर डाफरले, मग मापाऱ्यांवर. मापारी म्हणाले, "मी असंच मोजत आलो. तुमची हळद बी असंच मोजली, तवा न्हाई हसलात."

तिसरी संधी. तांड्यावरच्या पोरीनं चेंडू टाकला.

"बरकत… बरकत, बरकत…"

"बरकत म्हणजे?" साहेबांनी हळूच विचारलं.

"एक," मी म्हणाले.

"दोन… दोन, दोन… तीन…"

चेंडू इतका निवांत चालला होता की मापाऱ्यांना प्रत्येक आकडा दोन-तीनदा घोळवायला वेळ मिळत होता. कडक चेंडू असता तर म्हातारा धापा टाकत बसला असता. पोरी पळत नव्हत्या. छोट्या कोर्टात पळायला जागाच नव्हती. दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या, बघायच्या, मारायच्या. नऊपर्यंत लोक बोलत होते. बाराला गप्प झाले. पंधराला एकानं विडी विझवली. माझा नवरा यादीतल्या दुसऱ्या नंबरवाल्याशेजारी उभा होता आणि दोघेही सतराला एकमेकांकडं बघेनासे झाले.

"अठरा… अठरा…"

तांड्यावरच्या पोरीचा फटका जरा तिरका गेला.

"एकोणीस…"

चेंडू रेषेच्या आत पडला, उसळला आणि हळदीकडं निघाला. पलीकडं दादांची नात. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आजच्यासाठी घेतलेले. ती धावत हळदीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. तिनं आजोबांकडं पाहिलं. त्यांच्या घरात तिला चालायला यायच्या आधी जे शिकवलं होतं, ते तिला आठवलं.

पहिला, पोपटी चेंडू असता तर एव्हाना निकाल लागून तो उसात गेला असता. हा हळदीच्या वर तरंगत होता.

"एकोणीस… एकोणीस… एकोणीस…" मापारी घोळवत होते.

"बूट…" दादांच्या तोंडातून निघालं. मग त्यांनी चेंडू पाहिला, नात पाहिली, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं शीर! बुटासकट शीर!"

पोरगी दादांच्या हळदीत शिरली. दोन पावलं. गड्डे पायाखाली फुटले. तिनं चेंडू जमिनीला लागायच्या आत खालून उचलला आणि तो जाळ्यावरून पलीकडं गेला.

"ईस!" मापारी म्हणाले.

तांड्यावरच्या पोरीला मी सांगितलं होतं की कुणी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. तिनं तो चेंडू परत मारला. "एकवीस," मापारी म्हणाले, त्यांचाही हात कुणी धरला नव्हता. पुढचा फटका मात्र कुणी मारला नाही, कारण दादांची नात हळदीत उभी राहून रडायला लागली होती. जिंकल्यामुळं नाही, बुटांमुळं.

"काय न्हाई होत," दादा तिला म्हणाले. "फुटली तर भुकटी करू."

मग ते साहेबांकडं वळले. "बगितलं? शिजवल्याबिगर काही खरं न्हाई."

साहेबांनी एक चेंडू उचलला, फिरवून पाहिला, नाकाशी नेला. "याला काय केलंय?"

"तुमी कच्चे धाडले व्हते. आमी पक्के केले. पुढल्या टायमाला बी धाडा, पन फेब्रुवारीतच धाडा. तवा कढई चालू असती."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी हळदीकडं पाहिलं. साहेब हुशार माणूस. त्यांनी दोन चेंडू रुमालात बांधून घेतले आणि मोजे झटकून बूट घातले. मग छोट्या कोर्टाकडं बोट करून म्हणाले, "हे मात्र अगदी बरोबर केलंत. या वयाला एवढंच हवं. दोन-तीन वर्षं तरी बाकीचं कोर्ट लागणार नाही."

हे वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. पन्नास माणसांनी एकदम बाकीच्या कोर्टाकडं माना वळवल्या. माझा नवरा कोपऱ्यातून एक पाऊल पुढं आला.

"सूनबाई," दादा म्हणाले.

"कोर्ट पोरांचं झालं, दादा. ठराव तुमचाच आहे."

"बराबर हाय. मी कुठं न्हाई म्हनतो? पन साहेब म्हनून राहिले, बाकीचं लागत न्हाई…"

"लागत नाही तेव्हा तिथं काय करायचं ते खेळाची शिक्षिका ठरवील. तुमची हळद वाळेपर्यंत राहील. यादी रद्द."

दादांनी खिशातून यादी काढली, एकदा वाचली आणि फाडली. फाडताना म्हणाले, "मॅडम, तुमचा मालक तिसरा व्हता."

"माहीत आहे."

मंगळवारी सकाळी सहाला मी कोर्टावर गेले. खराट्यानं दादांची हळद ढीग न होऊ देता अर्ध्या भागात ओढली. त्यात राहिलेल्या तीनपैकी दोन चेंडू सापडले. तिसरा कुठं गेला, कळलं नाही. बहुधा एखाद्या पोत्यातून मोंढ्यात गेला असेल. मग फक्कीनं एक जाड रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडं, नवरा गाडीतून उतरवत होता तशी, आमची हळद पसरली.  तिसऱ्या नंबरापेक्षा हे बरं होतं.

सातला दोघी पोरी आल्या. मी त्यांना सांगितलं की यापुढं चेंडू हळदीत गेला तर खेळ थांबवायचा, बूट काढायचे आणि मगच आत जायचं.

"काल तर दादाच म्हनले…" दादांची नात म्हणाली.

"काल ती दादांची हळद होती."

तिनं बूट काढून बाजेखाली ठेवले. मी चेंडू टाकला.